छडी की साथ? कल्याणच्या आनंदीची गोष्ट

सकाळची कल्याण फास्ट, डोंबिवलीला दारात लटकलेली गर्दी, ठाण्याला उतरताना हरवलेली चप्पल. आपल्यापैकी कितीतरी जणांचं कॉलेज लाइफ याच मार्गावर जातं. पण ज्या कल्याण स्टेशनवर तुम्ही रोज धक्के खाता, त्या कल्याणात दीडशे वर्षांपूर्वी एक मुलगी वाढली. अठराव्या वर्षी ती एकटी समुद्र ओलांडून अमेरिकेला गेली आणि एकविसाव्या वर्षी डॉक्टर झाली. बरोबर ओळखलंत, डॉ. आनंदीबाई जोशी.

आता म्हणाल, ही गोष्ट तर शाळेत पाठ झालीय. शिवाय २०१९ मध्ये आलेला ‘आनंदी गोपाळ’ हा सिनेमाही पाहिलाय. जिद्दी बायको, हट्टी नवरा, पहिली भारतीय महिला डॉक्टर, टाळ्या. पण थांबा. या गोष्टीत एक प्रश्न आहे, तो आपण नेहमी घाईघाईत ओलांडतो. लहान आनंदी शिकली ती मार खाल्ल्यामुळे, की मार खाऊनसुद्धा?

हा प्रश्न जुना वाटेल, पण तुमच्या घरातला आहे. धाकट्या भावाचं गणित घेताना आवाज चढतो, तेव्हा तो हाच असतो. पॉकेटमनीसाठी सोसायटीतल्या मुलांच्या शिकवण्या घेता, तेव्हाही हाच असतो. म्हणून या वेळी तिची गोष्ट थोडी वेगळ्या बाजूने बघू.

यमुनेची आनंदी झाली

तिचं माहेरचं नाव यमुना. ३१ मार्च १८६५ ला कल्याणच्या जोशी घराण्यात तिचा जन्म झाला. वडील गणपतराव. घराणं एकेकाळचं सधन, पण तोवर उतरणीला लागलेलं. मुंबईहून ठाण्यापर्यंत पहिली रेल्वे धावली ती १८५३ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली होती. म्हणजे यमुना लहान होती तेव्हा गावात आगगाडी होती, पोस्ट होतं, पण मुलीने पुस्तक हातात धरणं मात्र बहुतेकांना खपत नव्हतं. तिची अक्षरओळख कल्याणातच झाली, वडिलांचा तिच्यावर जीव होता. आईचा मात्र तिला धाक होता. आई प्रेमाने बोलायची नाही आणि हाताला येईल त्याने मारायची, असं तिने पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे.

कल्याणच्याच पोस्टात गोपाळराव जोशी नावाचे कारकून नोकरीला होते. पहिली पत्नी वारलेली, वय यमुनेपेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी जास्त. या माणसाला शिकलेली बायको हवी होती. त्या काळात ही मागणी विक्षिप्तपणाचीच समजली जायची. १८७४ मध्ये, नवव्या वर्षी यमुनेचं लग्न झालं आणि तिची आनंदी झाली.

नऊ वर्षं म्हणजे आजची तिसरी-चौथीतली मुलगी. हे वय डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं याच वयापासून सुरू होतं.

धाकात गेलेला अभ्यास

गोपाळरावांनी बदल्या मागून घेतल्या. कल्याण सोडलं, मग अलिबाग, मग कोल्हापूर, मग मुंबई. घरातल्या माणसांपासून लांब गेलं की बायकोला निवांत शिकवता येईल, हा त्यातला हिशोब. मराठी झालं, थोडं संस्कृत झालं, मग इंग्रजी. कोल्हापुरात आणि मुंबईत ती मिशनच्या शाळेतही गेली. पुस्तकं घेऊन रस्त्याने चालणारी बाई दिसली की लोक हसायचे, टोमणे मारायचे. तरी गोपाळरावांनी तिची शाळा सोडवली नाही. इथपर्यंत ते आपल्याला काळाच्या पुढचे वाटतात, आणि ते होतेही.

पण शिकवण्याची पद्धत? ती भयंकर होती. दहा वर्षांच्या मुलीला लाकडाने मारणं, बाराव्या वर्षी तिच्या अंगावर पुस्तकं आणि खुर्च्या फेकणं, वर सोडून जाण्याची धमकी. ही ऐकीव माहिती नाही. आनंदीने हे नंतर अमेरिकेतून खुद्द गोपाळरावांनाच पत्रात लिहिलं आहे. स्वयंपाकघरात रमली म्हणून बायकोला मारणारा नवरा, हा किस्सा आपल्याकडे अनेकदा हसत सांगितला जातो. बाकीचे स्वयंपाक बिघडला म्हणून मारतात आणि हा अभ्यास केला नाही म्हणून, असं म्हणत. मार खाणारी मुलगी दहा वर्षांची होती हे लक्षात आलं की हसू येत नाही.

आणि इथेच आपल्या समाजाने एक सोपं गणित मांडून टाकलं. गोपाळरावांनी मारलं, आनंदी डॉक्टर झाली, म्हणजे छडीशिवाय विद्या नाही. कित्येक घरांत, क्लासमध्ये हे गणित अजून चालू आहे. पण कार्यकारणभाव असा लावायचा असेल तर त्या काळात मार खाल्लेल्या हजारो मुलींपैकी किती डॉक्टर झाल्या, हेही विचारायला हवं ना?

दहा दिवसांचं बाळ

तिच्या शिकण्याला खरी दिशा मिळाली ती वेगळ्याच गोष्टीमुळे. चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. तो जेमतेम दहा दिवस जगला. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही. तेव्हा बायका पुरुष डॉक्टरसमोर तपासणीला जायला लाजायच्या, घरचे पाठवायचे नाहीत, आणि बाई डॉक्टर तर जवळपास नव्हतीच.

आतापर्यंत ती दुसऱ्याच्या हट्टापायी शिकत होती. आता तिला स्वतःचं कारण मिळालं. आपल्यासारख्या बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी, आणि ती आपण व्हायचं. बघा, पुस्तकं तीच, नवरा तोच, पण अभ्यास कोणासाठी आणि कशासाठी याचं उत्तर बदललं. तुम्हीही अनुभवलं असेल. घरच्यांनी ढकललेला विषय डोक्यात शिरत नाही आणि स्वतः ठरवलेला विषय रात्री दोनपर्यंत जागवतो.

एक अनोळखी बाई

गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिलं होतं. उत्तरात धर्म बदलण्याची अपेक्षा होती. ती या दोघांनी धुडकावली. पण हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मासिकात छापला गेला. न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. तिथे तो अंक त्यांच्या हाती पडला. लांबच्या देशातली कोणी मुलगी शिकू बघतेय, हे त्यांच्या मनाला लागलं आणि त्यांनी पत्र टाकलं.

१८८० पासून दोघींची पत्रं सुरू झाली. एक अमेरिकन गृहिणी आणि एक पंधरा वर्षांची मराठी मुलगी. त्या पत्रांत परीक्षा नव्हती, धाक नव्हता. चालीरीती, सण, धर्म, बायकांचं आयुष्य, सगळ्यावर गप्पा. विचार करा, आनंदीला इंग्रजी मोडकंतोडकं येत असताना तिला त्याच भाषेत आपलं मन लिहायचं होतं, आणि पलीकडे तिच्या चुका न मोजता तिचं म्हणणं ऐकणारं कोणीतरी होतं. इंग्रजी सुधारायला यापेक्षा चांगला क्लास कुठला? पुढे गोपाळरावांची बदली कलकत्त्याला आणि मग श्रीरामपूरला झाली. तिथे आनंदीची तब्येत ढासळू लागली, तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधं पाठवली. आनंदीने त्यांना मावशी मानलं.

लक्षात घ्या, या मावशींनी तिचं काम सोपं करून दिलं नाही. समुद्रप्रवास, शिक्षण, लोकांचा विरोध, सगळं आनंदीलाच पेलायचं होतं. त्यांनी दिला तो विश्वास, आणि पोचल्यावर राहायला घर.

सभेत उभी राहिलेली अठरा वर्षांची मुलगी

अमेरिकेला जायचं ठरलं. नोकरीमुळे गोपाळरावांना सोबत जाणं जमेना, तेव्हा एकटीनेच जायचं ठरलं. मग काय, टीकेचा पाऊस! समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं, नवऱ्याशिवाय जाणं म्हणजे त्याहून वाईट. त्यावर आनंदीने काय केलं? २४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूरच्या कॉलेजच्या हॉलमध्ये भर सभेत उभी राहिली आणि आपण अमेरिकेला का जातोय, हे इंग्रजीत सांगितलं. लोकांचे आक्षेप एकेक करून घेतले आणि त्यांना उत्तरं दिली. भारतात बाई डॉक्टरांची किती गरज आहे हे मांडलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही ठणकावलं. काही वर्षांपूर्वी जिला इंग्रजी येत नव्हतं, तिचं हे भाषण वर्तमानपत्रांतून गाजलं.

आपल्यातल्या कितीतरी जणांना क्लासमध्ये प्रेझेंटेशन द्यायचं म्हटलं की घाम फुटतो. स्टेज डेअरिंग जन्मतःच असावं लागतं, अशी आपली समजूत असते. आनंदीकडे बघितलं की कळतं, आधी सांगण्यासारखं काहीतरी असावं लागतं. आवाज मागून येतो.

७ एप्रिल १८८३ ला तिचं जहाज कलकत्त्याहून निघालं. जवळपास दोन महिने प्रवास. ४ जूनला ती न्यूयॉर्कला उतरली आणि कार्पेंटरबाई तिला रोझेलला घेऊन गेल्या. कॉलेज सुरू होईपर्यंतचा उन्हाळा तिने त्यांच्याच घरी काढला.

अटी पूर्ण नाहीत, तरीही अर्ज

याच उन्हाळ्यात तिने फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अर्ज केला. १८५० मध्ये सुरू झालेलं हे कॉलेज बायकांना डॉक्टर करणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी एक. तिचा अर्ज खरंच वाचण्यासारखा आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटी मी काटेकोरपणे पूर्ण करू शकेनच असं नाही, हे तिने सरळ लिहिलं. येतं ते येतं, येत नाही ते येत नाही. पण आपल्या लोकांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आले, त्याचा निश्चय लक्षात घ्यावा, आणि मला माझ्या देशातल्या बायकांवर उपचार करायचे आहेत, असं तिने मांडलं.

कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांनी काय करायला हवं होतं? नियमावर बोट ठेवून अर्ज परत पाठवता आला असता. त्यांनी आज काय येत नाही यापेक्षा ही मुलगी उद्या काय शिकू शकेल याकडे बघितलं. प्रवेश मिळाला, शिवाय तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही.

कटऑफच्या जमान्यात आपल्याला हे परीकथेसारखं वाटेल. पण यात दोन्ही बाजू आहेत. शिकणाऱ्याने आपल्याला अजून काय येत नाही हे न लाजता सांगणं, आणि शिकवणाऱ्याने त्या अजून या शब्दावर विश्वास ठेवणं.

पत्रातला निकाल

फिलाडेल्फियातले दिवस सोपे नव्हते. कडाक्याची थंडी, नीट न तापणारी खोली, शाकाहारी जेवणाचे हाल, अभ्यासाचा डोंगर. अंगावर साडी, आणि पहिल्यापासूनच नाजूक असलेली तब्येत. तरी ती टिकली. १८८५ मधला तिचा एक फोटो तुम्ही कदाचित पाहिला असेल. जपानची केइको ओकामी, सीरियाची साबात इस्लामबुली आणि आपली आनंदी, तिघी आपापल्या देशाच्या वेशात शेजारी शेजारी. कल्याणची मुलगी आता जगाच्या वर्गात बसली होती.

अंतर पडलं की माणूस मागचं नीट बघू शकतो. तसंच झालं. गोपाळरावांना लिहिलेल्या त्या पत्रात तिने लहानपणच्या मारहाणीचा हिशोब मांडला. तिने त्यांना नुसतं झोडपलं नाही, आणि ऋण मानून सगळं पोटातही घातलं नाही. तुमचं वागणं चांगलं की वाईट हे ठरवणं मला कठीण जातं, असा तिचा सूर आहे. शेवटी जे साधायचं होतं ते बघितलं तर ते योग्य म्हणावं लागेल, पण लहान मुलाच्या मनावर काय परिणाम होऊ शकतो याचा विचार केला तर ते चूकच होतं, असं तिने लिहिलं.

आपण सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, आणि ते देणारी स्वतः मार खाल्लेली विद्यार्थिनी आहे. वीस-एक वर्षांच्या मुलीने, ज्या काळात नवऱ्याच्या चुकीवर बोट ठेवणं हेच पाप होतं त्या काळात, यश आणि इजा या दोन गोष्टी वेगवेगळ्या करून दाखवल्या. यश मिळालं म्हणून इजा बरोबर ठरत नाही. मला विचाराल तर तिच्या डिग्रीइतकंच हे पत्र महत्त्वाचं आहे.

डिग्री आणि त्यानंतर

११ मार्च १८८६ ला तिला एम. डी. पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांचं बाळ गमावलेल्या मुलीने हाच विषय का निवडला, हे वेगळं सांगायला नको. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाईही होत्या. त्याच वर्षी तिकडे कलकत्त्यात कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या. म्हणजे १८८६ हे वर्ष भारतीय मुलींचंच होतं.

कोल्हापूर संस्थानाने आनंदीला अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची प्रमुख म्हणून नेमलं. पण क्षयाने तिचं शरीर आतून पोखरलं होतं. १८८६ च्या अखेरीस ती परत आली, तेव्हा स्वागताला गर्दी झाली, पण तिच्यात त्राण उरलं नव्हतं. कोल्हापूरच्या कामावर ती रुजू होऊ शकलीच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात तिचं निधन झालं. बाविसावा वाढदिवस एका महिन्यावर आला होता. मी बावीस वर्षांची आहे, त्यामुळे ही ओळ लिहिताना हात थांबतो.

तिची रक्षा कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेत पाठवली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथल्या दफनभूमीत, त्यांच्या कुटुंबाच्या जागेत ती ठेवली आहे. पत्रातून सुरू झालेलं नातं इतकं खरं होतं.

आणि हो, जिद्दीची गोष्ट सांगताना हा शेवट गाळू नका. आजारपण रेटून अभ्यास करणं हा आदर्श नाही. मेहनत म्हणजे झोप, जेवण आणि तब्येत गहाण टाकणं नव्हे. परीक्षेच्या आधी तीन रात्री जागून त्याची स्टोरी टाकणाऱ्यांनो, ऐकताय ना?

मग आपण काय करायचं?

आजकाल ग्रोथ माइंडसेट हा शब्द सगळीकडे ऐकू येतो. बुद्धी ही ठरलेली नसते, प्रयत्नांनी आणि योग्य पद्धतीने ती वाढते, असं मानणं म्हणजे ग्रोथ माइंडसेट. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी तो रुजवला. त्यांचं ‘माइंडसेट’ हे पुस्तक २००६ मध्ये आलं. त्याआधी १९९८ मध्ये त्यांनी आणि क्लॉडिया म्युलर यांनी पाचवीतल्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. कोडी सोडवल्यावर काही मुलांना हुशार म्हणून शाबासकी दिली, काहींना मेहनत घेतली म्हणून. नंतर निवड करायला सांगितल्यावर मेहनतीचं कौतुक झालेली मुलं अवघड पण शिकवणाऱ्या कामाकडे जास्त वळली. हुशार म्हटलेली मुलं सोपं, हमखास जमणारं काम निवडू लागली. अवघड कोड्यांत अडकल्यावर त्यांचा उत्साहही लवकर मावळला. कारण सोपं आहे. हुशार हे लेबल एकदा लागलं की ते जाण्याची भीती वाटते.

पण मुलांना नुसतं मेहनत कर, मेहनत कर म्हणून भागत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या हजारो नववीच्या विद्यार्थ्यांवरचा एक मोठा अभ्यास आला. तासाभरापेक्षाही कमी वेळाच्या ऑनलाइन धड्याने अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या मार्कांत थोडीशी सुधारणा दिसली. जिथे आजूबाजूची मुलंही आव्हान घेण्याला चांगलं मानत होती, तिथे परिणाम जास्त टिकला. म्हणजे बी चांगलं असून भागत नाही, मातीही लागते. आनंदीकडे जिद्द होती, पण रोझेलची मावशी आणि फिलाडेल्फियाच्या डीनबाई ही तिची माती होती.

आता तुमच्याकडे वळूया. पुढच्या वेळी शिकवणीतल्या मुलाने अपूर्णांकात तीच चूक चौथ्यांदा केली, की एक सेकंद थांबा. हे इतकं सोपं आहे आणि तुला येत नाही, हे वाक्य गिळा. त्याऐवजी तू हे कसं सोडवलंस ते मला दाखव, असं म्हणा. चूक नेमकी कुठल्या पायरीवर झाली ते तो स्वतः शोधेल. बरोबर आलं तर हुशार आहेस म्हणण्यापेक्षा काय चांगलं केलं ते सांगा. छेद आधी सारखे करून घेतलेस, ते बरोबर केलंस, एवढं पुरतं. प्रयत्न करूनही जमत नसेल तर आणखी रट्टा मारायला लावू नका, पद्धत बदला. पोळीचे तुकडे करा, कॅरमच्या सोंगट्या मांडा. आणि शेजारच्या मुलाच्या मार्कांचा विषय तर काढूच नका. त्याला मागच्या महिन्यात काय येत नव्हतं आणि आज काय येतं, तेवढी एकच तुलना करा.

हाच नियम स्वतःलाही लावा. एटीकेटी लागली, इंग्रजीत बोलताना अडखळलात, कोडिंग डोक्यावरून गेलं, तर स्वतःला शिव्या घालणारा आवाज बंद करा. मला हे येत नाही या वाक्यात अजून हा एक शब्द घाला आणि मग मदत मागा, जशी आनंदीने अर्जात न लाजता मागितली.

शुक्र ग्रहावरच्या एका विवराला आनंदीबाईंचं नाव दिलेलं आहे. तेवढ्या लांब जायची गरज नाही. ठाणे, डोंबिवली, कल्याण, कुठल्याही इमारतीत आज संध्याकाळी एखादी नऊ-दहा वर्षांची मुलगी वही उघडून बसेल आणि तिला एक गणित सुटणार नाही. कदाचित ती तुमचीच बहीण असेल, किंवा तुमच्या शिकवणीला येणारी. तिच्या शेजारी बसा. उत्तर सांगू नका, ओरडूही नका. ती पुन्हा प्रयत्न करेल तोवर फक्त तिथे थांबा.